बाजूला न ठेवलेला तुकडा

मित्रांनो, आधी ते दार लावा. आत काय आहे ते एकदा पाहिलेत ना, मग पुरे. तुम्ही उघडे दार धरून विचार करत उभे राहता आणि इकडे माझा जीव खालीवर होतो. लावलेत? आता सांगतो. मी एक जुना फ्रीज आहे. रंग एके काळी पांढरा होता, आता त्याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा. माझ्या पाठीला एक मोटर आहे आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही. जरा डोळा लागतो न लागतो तोच घरघरायला लागते. त्यामुळे माझा स्वभावच धास्तावलेला झाला आहे. गोष्टही मी तशीच सांगणार, थोडी धडपडत. सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेथे पत्रा वाकवून माझे अंग केले, दोन पत्र्यांच्या मध्ये फेस भरला, दाराला रबराची पट्टी लावली. एका बाईने माझे दार पुन्हा पुन्हा उघडून लावून पाहिले आणि मान डोलावली. एवढेच काय ते माझे बारसे. मग मी एका औषधाच्या दुकानात कामाला लागलो. लशी, थेंब, इंजेक्शने मी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. तेथील लोक बाटलीवरचे नाव वाचल्याशिवाय काही उचलत नसत. दुकानदाराचा सख्खा भाऊ मदतीला येई, तोही वाचे. मला वाटे, जगात सगळीकडे असेच असते. दुकान मोठे झाले, काचेच्या दाराचा नवा फ्रीज आला आणि मला या घरी पाठवले.

या घरात तिघे राहतात. आई, दादा आणि धाकटी. वडील दूर एका बोटीवर नोकरीला आहेत, त्यांचा फक्त फोन येतो. आई शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. दादा बॉक्सिंग शिकवतो आणि धाकटी बॉक्सिंग खेळते. खेळते म्हणजे कशी! तिच्या वजनाच्या गटात तिच्यासमोर उभे राहायला मुली कचरतात. घरात मात्र ती झुरळाला घाबरते, हे मी स्वतः पाहिले आहे. एकदा तर ती माझ्यावर चढून बसली होती.

दादाचा एक नियम होता. त्याच्या एका जुन्या सोबत्यावर उत्तेजक चाचणीत दोषी ठरून बंदी आली होती आणि त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळले नाही की ते औषध पोटात गेले कुठून. तेव्हापासून दादाने ठरवले, घरात मटण आणायचे ते एकाच दुकानातून. आणि शिजवण्याआधी त्याचा अंगठ्याएवढा तुकडा कापून, पिशवीत घालून, वर तारीख चिकटवून माझ्या बर्फाच्या कप्प्यात डाव्या कोपऱ्यात ठेवायचा. धाकटीची पुढची चाचणी निर्दोष आली की मगच तो फेकायचा. उद्या काही निघालेच, तर तपासायला हातात काही तरी हवे. पाहुणे बर्फ घ्यायला येत आणि विचारत, "हे काय, मांजर पाळलंय का?" आई हसून वेळ मारून नेई. मला मात्र त्या कोपऱ्याचा फार अभिमान होता. औषधाच्या दुकानातली शिस्त मला इथेही सापडली होती.

मग ते निवड स्पर्धेचे दिवस आले. त्यात जिंकली तर धाकटी देशाच्या संघात जाणार होती. वजन गटात बसवायचे म्हणून ती मोजकेच खात होती. गाल बसले होते, ओठ पांढरे पडले होते. दादा दुसऱ्या खेळाडूंना घेऊन परगावी गेला होता. अशा दिवशी सकाळी मामा आला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. गावाबाहेर त्याचा मेंढ्यांचा वाडगा आहे. माणूस मोठा मायेचा, पण राग अगदी नाकावर. सरावाला निघालेल्या धाकटीला पाहून त्याने हातातली पिशवी आईपुढे धरली.

"ताई, अगं काय ही पोरगी! वाळून काडी झालीय. हिला रक्त नको का अंगात? ही घे, ताजी कलेजी. घरच्या मेंढ्याची आहे. विकत देत नाहीये, भाचीसाठी आणलीय."

आईने पिशवी घेतली. सवयीने सुरी उचलली आणि कोपऱ्यात ठेवायला तुकडा कापू लागली.

"हे काय करतेस?"

"अरे, दादाचा नियम आहे. थोडंसं बाजूला ठेवायचं. काही झालंच तर तपासायला."

मामाचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या मालाची झडती? सख्ख्या मामाच्या?"

"तसं नाही रे..."

"तसंच आहे. दुकानदाराचं ठेव, तो परका आहे. मी काय पोरीला विष घालणार आहे?"

आई कानकोंडी झाली. तिने सुरी खाली ठेवली आणि ती पिशवी तशीच, अख्खीच्या अख्खी, माझ्या मधल्या फळीवर सरकवली. मित्रांनो, मी घरघरलो, थरथरलो, माझ्यावरचे डबेसुद्धा वाजले. पण फ्रीजची घरघर कोण मनावर घेतो? मामा म्हणाला, "ताई, हा फ्रीज बदल आता."

दुपारी धाकटी सराव करून आली. तिने माझे दार उघडले. मधल्या फळीवर पिशवी होती. मग तिने वरचा कप्पा उघडला आणि डाव्या कोपऱ्याकडे पाहिले. तेथे नवे काही नव्हते. ती तशीच उभी राहिली. तिच्या भुवया मला इतक्या जवळून दिसत होत्या, त्या जरा आक्रसल्या.

मागून आई म्हणाली, "मामानं आणलंय गं. मुद्दाम तुझ्यासाठी."

धाकटीने तोंड उघडले आणि मिटले. मग तिने दार लावले आणि म्हणाली, "कर मग. भूक लागलीय." त्या दिवशी तिने खाल्ले आणि दुसऱ्या दिवशीही खाल्ले.

आणि जिंकली! अहो, काय तो दिवस! सगळी गल्ली स्वयंपाकघरात शिरली होती. पेढे ठेवायला जागा नाही म्हणून माझ्या डोक्यावर ठेवले, पदक माझ्या मुठीला अडकवून त्याचे फोटो काढले. आई सगळ्यांना सांगत होती, "आमच्या फ्रीजनं पोरीला वाढवलंय." माझे असे तोंड भरून कौतुक पूर्वी कधी झाले नव्हते. पण मला चैन नव्हते. सामन्यानंतर तपासनीस बाईंनी धाकटीच्या लघवीचा नमुना दोन बाटल्यांत घेऊन सील केला, हे ती सांगत असताना मी ऐकले होते. माझा जीव त्या बाटल्यांत अडकला होता.

काही आठवड्यांनी दादाच्या फोनवर तो कॉल आला. दादा खुर्चीत बसला तो बसलाच. धाकटीच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल नावाचे बंदी असलेले औषध सापडले होते. आईला ते नाव उच्चारताही येईना. दादाने समजावले, जनावरांच्या अंगावर चरबीऐवजी मांस चढावे म्हणून काही लोक हे चोरून खाऊ घालतात, आणि ते सगळ्यांत जास्त साठते कलेजीत. पदक परत जाणार होते, संघातले नाव स्थगित झाले होते आणि पुढे चार वर्षांच्या बंदीची टांगती तलवार होती.

दादाने माझा बर्फाचा कप्पा रिकामा केला. एकेक पिशवी टेबलावर मांडली, तारखा लावून पाहिल्या. सगळ्या मटणांचे तुकडे होते.

"आई, या दिवसांत आणखी काही आणलं होतं?"

आईच्या हातातली सुई थांबली. "मामानं कलेजी आणली होती."

"तिचा तुकडा?"

आईने नकारार्थी मान हलवली. दादाने माझ्या दारावर अशी थाप मारली की तिचा खळगा अजून आहे. आईवर हात उगारता येत नाही आणि मामा समोर नव्हता, म्हणून मी. मला त्याचा राग नाही. पण दुखले.

त्यानंतरचे दिवस कसे काढले म्हणता! कोणी धड बसत नव्हते. दादा यायचा, दार उघडायचा, काही न घेता जायचा. मग आई. मग पुन्हा दादा. मी थंड व्हायचो, गरम व्हायचो, पुन्हा थंड. मामाला फोन केला तर तो भडकला, "माझी मेंढरं वाईट? आता मी तुमच्या दारात पाय ठेवणार नाही!" आणि त्याने फोन आपटला.

सर्वांत वाईट झाले ते वेगळेच. धाकटीने आईच्या हातचे खाणे सोडले. ती स्वतः अंडी आणायची, स्वतः उकडायची, माझ्या खालच्या फळीवर स्वतःचा डबा ठेवायची. आई ताट वाढून बसायची आणि ती म्हणायची, "नको." घासाघासाला भ्यायलेली मुलगी मी पहिल्यांदा पाहिली. ती आईवर रुसली नव्हती, पण आईला ते कोण सांगणार? आईने वाढलेली ताटे झाकून माझ्यात ठेवली जात. त्यांचा भार मला सोसवत नव्हता.

चौकशीचा दिवस उजाडला. ती व्हिडिओ कॉलवर होती आणि घरात नेटवर्क फक्त स्वयंपाकघरात येते. दादाने टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि धाकटीला पढवले. "एवढंच म्हणायचं, मला काहीच ठाऊक नव्हतं, शंकाही आली नाही. तसं म्हटलंस तर शिक्षा कमी होईल."

आई म्हणाली, "सगळं माझ्या नावावर घाल. म्हण, आईनं खाऊ घातलं."

तेवढ्यात माझी मोटर घरघरली. दादाने चिडून माझी पिनच उपटली. मित्रांनो, इतकी शांतता माझ्या पाठीने कधी अनुभवली नव्हती. मी घामाघूम होऊन ऐकत राहिलो. आणखीही कोणी तरी ऐकत होते. दारात मामा उभा होता. पाय ठेवणार नाही म्हणाला होता, म्हणून उंबऱ्याबाहेर.

पडद्यावर तिघे जण होते. मधल्या बाईंनी विचारले, "तुमच्या घरात मटणाचा तुकडा ठेवायची पद्धत आहे, असं तुमच्या भावानं कळवलंय. या वेळी तो ठेवला नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं का?"

दादाने मानेने खूण केली, नाही म्हण.

धाकटी त्याच्याकडे पाहत होती. एक शब्द आणि सुटका! मला वाटले, म्हण बाई, काय बिघडते, तुला पाहणारा मी एकटाच होतो आणि मला बोलता येत नाही.

"माहीत होतं," ती म्हणाली. "मी फ्रीज उघडून पाहिलं होतं. कोपरा रिकामा होता. मला शंका आली. विचारावंसं वाटलं, मामा, जनावराला काय खाऊ घालता? पण त्यांना वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही. आईनं शिजवलं, मामानं आणलं, पण गिळलं मी. नियम मला पाळायचा होता. त्यांना नाही."

दादाने कपाळाला हात लावला. आईने पदर तोंडात धरला. आणि दारातला मामा निघून गेला.

त्या गडबडीत माझी पिन लावायची सगळे विसरले. माझ्यातला बर्फ वितळून स्वयंपाकघरभर पाणी झाले. संध्याकाळी त्याच पाण्यातून फचफच करत मामा आत आला. खांद्यावर अर्धे भरलेले पोते होते. ते त्याने टेबलावर टाकले.

"हे पाठवा तपासायला. एक जण देऊन गेला होता, ताकदीची भुकटी म्हणून. जनावरं कशी दिसायला लागली होती! मी पण विचारलं नाही, यात काय आहे. मला विचारायचं सुचलंही नाही." मग तो भाचीकडे न पाहता म्हणाला, "वाडग्याला सील लागेल. लागू दे."

लागलेही. भुकटीत तेच औषध निघाले. धाकटीवर चार वर्षांऐवजी एका वर्षाची बंदी आली. वर्ष का, तर शंका येऊनही तिने विचारले नाही म्हणून. पदक गेले, संघ तिच्याविना गेला. निकाल कळला तेव्हा ती रडली, दादा रडला. मी रडलो नाही, माझी पिन या वेळी लावलेली होती.

आईने डोळे पुसले आणि सवयीने ताट वाढले. नको म्हणणार, हे तिला ठाऊक होते, तरी वाढले. धाकटी ताटासमोर बसली. तिने ताट जवळ ओढले.

"आई, यात काय काय आहे?"

माझी मोटर चालता चालता अडखळली. पूर्वीची आई असती तर ताट उचलून घेतले असते, आईला विचारतेस म्हणाली असती. पण ती समोर बसली आणि बोटाने दाखवत सांगू लागली. "हा भात. हे वाटाणे, कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडचे, धुऊन घेतलेत. अंडं तू आणलेलंच. कांदा, मिरी, तेल. आणि मीठ जरा जास्त पडलंय, ते पण सांगते."

धाकटी हसली आणि तिने घास घेतला.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. घरात नव्या फ्रीजच्या गोष्टी चालल्या आहेत आणि त्या माझ्यासमोरच चालतात, तेवढीही भीड कोणी ठेवत नाही. म्हणून जाण्याआधी सांगतो. तुम्ही खेळाडू व्हा, नाही तर आणखी कोणी, तुमच्या तोंडात जाणाऱ्या घासाला शेवटी तुम्हीच जबाबदार असता. म्हणून विचारत जा, आणि आपल्या माणसांना तर आधी विचारा. आणि कधी तुम्ही वाढणारे झालात आणि समोरच्याने विचारले, यात काय आहे, तर रागावू नका. त्याला तुमच्याच हातचे खायचे असते, म्हणून तो विचारतो.