उजवीकडे दोन बोटं जास्त

माझी बायको राजश्री जाऊन आठ महिने झाले. भाट्याच्या खाडीकाठी आमची होड्या बांधायची शेड आहे. मी लाकूड कापायचो, ती कॉम्प्युटरवर होडीच्या बरगड्या काढायची. त्यासाठी तिने लिस्प भाषेत प्रोग्राम लिहिला होता. लिस्प म्हणजे नुसता कंसांचा बाजार. मी म्हणायचो, "कंस मोजतेस की होडी काढतेस?" ती म्हणायची, "तुम्ही रंधा मारा."

आता तो कॉम्प्युटरही शेवटच्या घटका मोजतोय. तो गेला की तिची होडी गेली, कागदावर काहीच नाही. म्हणून आमची मुलगी सानवी मुंबईहून आली आणि प्रोग्राम पायथन या दुसऱ्या भाषेत उतरवायला बसली.

"आप्पा, हे बघा. बिननावाचं छोटं फंक्शन लिहायचं आणि सगळ्या बरगड्यांवर चालवायचं. याला लॅम्डा म्हणतात."

"तुझी आईपण लॅम्डाच म्हणायची."

"पायथनने लिस्पकडूनच घेतलंय."

"विचारून?"

"कोण विचारतंय? जावानेही घेतलं, फार उशिरा."

"आणि लिस्पने?"

"गणितवाल्यांकडून."

"म्हणजे सगळेच उचले."

ती हसली. मग थांबली. "आईची एक चूक सापडली. उजवी बाजू चाळीस मिलिमीटर जास्त रुंद आहे. काढून टाकते."

"काढू नको गो. जाळं उजवीकडून ओढतात. माझा बाप दोन बोटं जास्तच ठेवायचा. तुझ्या आईशी वर्षभर भांडून मी तिला हे पटवलं."

"पटलं असतं तर तिने तसं लिहून ठेवलं असतं."

सानवीने पडद्यावर प्रोग्राम वर सरकवून बघितलं. इंग्रजी अक्षरांत मराठी टीप होती. तिने मोठ्याने वाचली, "सासऱ्यांकडून उचललं. पटलेलं नाही. पण त्यांची एकही होडी उलटली नाही, आणि माझी अजून पाण्यात गेलेली नाही. ह्यांना सांगू नये, डोक्यावर बसतील."

पंचवीस वर्षं मी ती एकच लढाई जिंकलो असं समजत होतो. मला हसू आलं आणि मग रडूच आलं.

"ही टीपपण घेऊ?" सानवीने विचारलं.

"घे. एक शब्द बदलू नको."

लिस्पमध्ये टिपेआधी अर्धविराम असतो, पायथनमध्ये हॅश. तिने तेवढंच बदललं. खाली स्वतःची ओळ जोडली: "आईकडून उचललं. मलाही पटलेलं नाही."

पहिली बरगडी पडद्यावर आली. उजवीकडे सुजलेली. मी माप घेतलं आणि ऐनाच्या लाकडाची फळी ओढली.