कडुनिंबाचं गोड तीर्थ

कडुनिंबातून गोड पाणी! ऐकणाऱ्याच्या तोंडाला आधी पाणी सुटायचं, मग हात जोडले जायचे. १९९८ सालचा चैत्र. दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या पुढे, गोटीरामच्या काकडीच्या मळ्याला लागून एक जुना निंब होता. त्याच्याखाली वणीच्या देवीला पायी निघालेल्यांची ही झुंबड! बायका पदर पसरून, पोरं जिभा काढून उभी. वरून बारीक थेंब पडत होते आणि ते चक्क गोड होते. बुंध्याशी भगवी लुंगी नेसून जयराम बसला होता.

"कडूपण कुठं गेलं? आईनं गिळलं!" तो आरोळी ठोकायचा. "ही कारखान्याची साखर नाय, आईची साखर हाय! ही रक्तात चढत नाय, उलट चढलेली उतरवते. डॉक्टरची गोळी टाका, आईची वाटी धरा!"

आता हा जयराम काही हिमालयातून उतरला नव्हता. तो गोटीरामच्या बायकोचा, कलाबाईचा, सख्खा धाकटा भाऊ. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत नाक्यावर त्याचं कीटकनाशकांचं दुकान होतं. ते बसलं आणि हे महाराज उठले.

चिकटा म्हणजे काय, हे त्या शिवारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पिकावर कीड पडली की पानं चिकचिकतात, मुंग्या लागतात, आणि माणूस पाठीवर पंप घेऊन निघतो. पण गंमत बघा, काकडीवर पडला की तो चिकटा, आणि निंबावरून पडला की तीर्थ! जन्मभर फवारण्या केलेली माणसं ते चाटत होती.

कलाबाईही चाटत होती. ज्या भावाला दर भाऊबीजेला ओवाळलं, त्याच्याच पाया पडत होती. कारण घरात गोटीरामला दहा वर्षांपासून मधुमेह, आणि पायाच्या बोटाला एक जखम, भरता भरत नव्हती.

"दाजी, मी काय परका हाय का?" जयराम म्हणाला होता. "गोळ्या सोडा. सकाळ-संध्याकाळ वाटीभर तीर्थ घ्या. बोट बरं नाय झालं तर माझं नाव बदला."

दहा वर्षं बिनसाखरेचा चहा प्यालेला माणूस तो. त्याला देवच गोड देतोय म्हटल्यावर तो कशाला नाही म्हणतोय? वाटी बोटानं पुसून चाटायचा बिचारा.

तीन आठवड्यांत बोट काळं पडलं. शहरातल्या दवाखान्यात नर्सनं त्याची लघवी निळ्या औषधात घालून तापवली, तर ती पार विटकरी झाली, म्हणजे साखर भरमसाट. डॉक्टर कडाडले, "गोळ्या कोणी बंद केल्या?" दुसऱ्या दिवशी बोट कापलं. जयराम काही फिरकला नाही. "आईची सेवा टाकून कसा येऊ?" असा निरोप आला, आणि सोबत तीर्थाची आणखी एक बाटली.

आल्या त्या जुलेखा टीचर. शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि वर्षानुवर्षं कलाबाईकडूनच भाजी घ्यायच्या. त्यांनी बाटली उघडून वास घेतला.

"कलाबाई, ही घेऊन माझ्याबरोबर शाळेत चला."

प्रयोगशाळेत टीचरनी दोन नळ्यांत तेच निळं औषध घेतलं. एकीत घरच्या साखरेचं पाणी घातलं, दुसरीत तीर्थ. दोन्ही तापवल्या. पहिली निळीच राहिली. दुसरी विटकरी झाली. नवऱ्याच्या लघवीचा तोच रंग बघून कलाबाई चरकली.

"आगं बाई! हे काय वो?"

"साखरेचा कण जोडीचा असतो," टीचर म्हणाल्या. "दोन कण एकमेकांना धरून. ती जोडी फुटली तरच हा रंग येतो. झाडाच्या रसातली साखरसुद्धा अशीच जोडीनं वाहते. मग तीर्थातली जोडी फोडली कोणी?"

"कोणी?"

"कोणाच्या तरी पोटानं. ही साखर पोटातून जाऊन आलीय, कलाबाई."

दोघी तडक निंबाखाली आल्या. टीचरनी एक डहाळी मोडली आणि भिंग धरलं. सालीवर चपट्या तपकिरी टिकल्या दाटीनं चिकटल्या होत्या. खवले कीड! गर्दी पुढे सरकली.

"निंबाचं पान कडू, साल कडू, पण आतला अन्नरस साखरेचाच," टीचर मोठ्यानं सांगू लागल्या. "ही कीड सोंड खुपसून तो पिते. तिच्या आतड्यात पचनाचा एक पदार्थ असतो, त्याला विकर म्हणतात. त्याला एक खाच असते. साखरेची जोडी त्या खाचेत नेमकी बसते आणि तुटते. किडीला लागते तेवढी साखर ती ठेवते, उरलेली मागून सोडते. तेच हे थेंब."

"म्हंजी आमी..." एक म्हातारी चाचरली.

"हो आजी. किडीची शी."

म्हातारी थू थू करत पाण्याकडे पळाली.

"आणि ही फुटलेली साखर रक्तात लगेच चढते. मधुमेहाच्या माणसाला तर ही पाजूच नये."

जयराम उसळला, "बाहेरच्या बाईचं काय ऐकता रे?"

"बाहेरची दवाखान्यात आली," कलाबाई म्हणाली. "घरचा तू आला नाय."

ती भावासमोर जाऊन उभी राहिली.

"गेल्या साली माझी काकडी अशीच चिकचिकली व्हती. 'ताई, ही किडीची घाण हाय, लगेच फवार,' कोण म्हणालं? औषधाची बाटली कोणी दिली? आन् औंदा 'निंबाजवळ पंप नेऊ नको, आईला विष चालत नाय,' हे कोण म्हणालं?"

जयराम बुंध्याकडे मागे सरकला.

"तुला ठावं व्हतं, जयराम. बाकीच्यांना नसंल, तुला ठावं व्हतं!"

"ताई, शप्पथ... मला वाटलं, दाजी गुपचूप गोळ्या घेत असतील."

"दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर घेतल्या असत्या रे. सांगणारा तू व्हतास!" कलाबाई तिथेच ढसाढसा रडली. मग डोळे पुसून मळ्यातल्या झोपडीत गेली आणि पाठीवर पंप चढवून आली. "व्हा बाजूला समदे."

शेंड्यापर्यंत फवारा पोचेना, तर तिनं दुसऱ्या दिवशी शिडी लावली. आठवड्याभरात तीर्थ आटलं, आणि जयराम त्याआधीच गावातून पसार झाला.

बाबांनो, थेंब खाली पडला की आपण जीभ काढतो, हात जोडतो. एकदा मान वर करून कोणी बघतो का? पहिल्याच दिवशी पन्नास जणांतल्या एकानं डहाळी मोडून पाहिली असती, तर गोटीरामचं बोट वाचलं असतं. एवढंच करा. आधी बघा, विचारा, तपासा. आणि सांगणारा घरचा असेल तर दोनदा तपासा.

त्या भाऊबीजेला कलाबाईनं ओवाळणीचं ताट केलं, निरांजन लावलं आणि अंगणात आली. गोटीराम काठीच्या आधारानं दारात उभा होता. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. कलाबाईनं चंद्राला ओवाळलं.