माझ्या पायांना चाकं नाहीत

मित्रांनो, या बागेत तुम्ही माझ्या पोटात शिरून खोटं खोटं उडता, शेपटीला लोंबकळता. मला त्याचं काही वाटत नाही. पण परवा तुमच्यातल्या एकाने मला विमान म्हटलं, ते मात्र मनाला लागलं. मी एक म्हातारं, छोटं हेलिकॉप्टर आहे. नीट ओळखून ठेवा. डोक्यावर दोनच पाती, पुढे काचेचं गोलमटोल नाक, मागे काठीसारखी शेपटी आणि तिच्या टोकाला चिमुकला पंखा. चाकं मात्र शोधू नका. त्यांच्या जागी दोन लांब नळ्या आहेत, त्यांना स्किड म्हणतात. उतरल्यावर मी त्यांच्यावरच बसतो.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय तोरा होता! डोंगरावरच्या वस्त्यांवर औषधं पोचवायची आणि आजारी माणसं खाली दवाखान्यात आणायची, हे माझं काम. चार माणसं बसली की माझं पोट भरायचं, पण अंगणाएवढ्या जागेत मी उतरायचो. आमच्याच हँगरमध्ये एक मोठं हेलिकॉप्टरही राहायचं. ते विजेचे खांब वाहून न्यायचं. रंग आम्हा दोघांचा पांढराच, पण त्याला चाकं होती आणि बराचसा माजही होता.

माझी देखभाल करणारा मेकॅनिक मूळचा डोंगरावरचा. त्याचे वडील आणि धाकटी बहीण अजून तिथेच राहायची. वैमानिकाशी बोलायला वस्तीवर रेडिओ नव्हता, म्हणून एक रीत ठरली होती. मी आलो की बहिणीने मोकळ्या जागेत पांढरी चादर पसरायची. म्हणजे जागा रिकामी आहे, आजारी माणसाला आणतोय, उतरा. चादर दिसली नाही तर वैमानिक मागे वळायचा. एकदा तिने मी आलो असं समजून चादर पसरली आणि ती बघून ते मोठं धूडच खाली आलं. त्याच्या वाऱ्याने गोठ्याचं छप्पर उडालं आणि एका बाईचा पाय मोडला. तेव्हापासून मेकॅनिकने बहिणीला पढवून ठेवलं होतं.

"धुक्यात पाती दिसत नाहीत, आकाराचाही अंदाज येत नाही. तू आपली पाय बघ. चाकं दिसली की ते आपलं नाही. चादर उघडायचीच नाही, कळलं?"

"कळलं रे दादा. किती वेळा सांगशील?"

आणि खरंच, त्यानंतर तिची नजर कधी चुकली नाही. म्हातारी माणसंसुद्धा तिला विचारूनच घराबाहेर पडायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मग एका सकाळी वस्तीवरचा एक माणूस धापा टाकत खालच्या रस्त्यावर पोचला आणि त्याने हँगरमध्ये फोन केला. मेकॅनिकच्या वडिलांच्या छातीत कळ आली होती. वर धुकं दाटत होतं. ऐकताच मेकॅनिक मला बाहेर काढायला धावला. मला हँगरमधून बाहेर ढकलायला स्किडना दोन छोटी चाकं अडकवतात आणि बाहेर आलं की ती काढून ठेवतात. अगदी रोजचं काम.

"सगळं बघितलंस ना?" वैमानिकाने विचारलं.

"बघितलं, साहेब! निघा तुम्ही, निघा!"

चाकं त्याने काढलीच नव्हती. मला ती चपलेतल्या खड्यासारखी टोचत होती, मित्रांनो, पण सांगणार कसं?

वस्तीवर पोचलो तेव्हा धुक्यात एक फट पडली. खाली बहीण काखेत चादर घेऊन उभी होती. मागे दारात वडिलांची खाट उचलायला चार माणसं तयार होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि चादर छातीशी घट्ट धरली. उचललेली खाट तिने हात आडवा करून थांबवली. वैमानिकाने आणखी दोन घिरट्या घातल्या. फट मिटली आणि आम्ही रिकामे परतलो.

मेकॅनिकने धावत येऊन माझं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. मग त्याची नजर खाली गेली आणि स्किडना अडकलेल्या चाकांवर थांबली.

दुपारी धुकं हटल्यावर आम्ही पुन्हा गेलो, या वेळी तोही होता. चादर पसरलेली होती, पण कोणालाच घाई नव्हती.

"बाबा गेले, दादा," बहीण म्हणाली. "सकाळी ते चाकंवालं आलं होतं. सगळे म्हणत होते आपलंच आहे, मीच अडवलं त्यांना. आता म्हणतात, घाबरून भलतंच बघितलंस. मला चाकं दिसली रे दादा. की नाही दिसली?"

तो गप्प बसला असता तर वस्तीवर कोणाला काही कळलं नसतं. पण तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चाकं होती. आपल्याच हेलिकॉप्टरला होती. मी काढायला विसरलो. तू बरोबर बघितलंस गं."

ती त्याला दोन्ही हातांनी बडवत राहिली आणि तो मार खात राहिला. मग दोघंही एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. त्यानंतर मेकॅनिकने मला कधी हात लावला नाही.

आता माझा रंग उडालाय, काचा तडकल्यात. जमलं तर मला अधूनमधून पुसत जा. आणि घाईत केलेलं काम पुन्हा एकदा बघत जा, आपल्या माणसासाठी धावत असाल तेव्हा तर नक्कीच.

मी उडत होतो तोवर चादरीचं काम बहिणीने सोडलं नाही. पण पूर्वी मी लांबून दिसताच चादर झटकणारी ती मुलगी त्या दिवसानंतर मी अगदी डोक्यावर येईपर्यंत थांबायची. शेजारच्यांना विचारायची, "चाकं दिसतात का हो तुम्हाला?" ते म्हणायचे, "नाहीत गं." तरी ती पुन्हा विचारायची. मित्रांनो, तुमच्या घरी कोणी असं पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर वैतागू नका. दर वेळी सांगा.