चादरीवरचा ससा

मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे. धड चादर म्हणावी अशीही मी आता उरलेली नाही. मधोमध फाटलेली आहे, जाड दोऱ्यानं जोडलेली आहे, आणि माझ्या अंगावर वंगणाचे काळे पट्टे आहेत. कितीही धुतलं तरी ते जात नाहीत. मला तुमच्याशी फार बोलायचं आहे. त्या दिवशी बोलता आलं असतं तर आज सांगायची वेळच आली नसती.

मी मांजरपाटाची, साध्या जाड सुती कापडाची. शिरूरच्या बाजारपेठेत एका दुकानात गठ्ठ्यात पडून होते. कृपाबाईनं लग्नाआधी मला घेतलं, दोन पन्हे जोडले आणि कडेनं निळ्या दोऱ्याची टीप घातली. लग्न करून ती दौंडला रेल्वेच्या चाळीत आली. तिचा नवरा शांतवन रेल्वेत पॉइंट्समन होता. गाडी दुसऱ्या रुळावर वळवायला सांधे बदलायचे, झेंडी दाखवायची, हे त्याचं काम. कृपाबाईनं मला तिथल्या लहानशा चर्चला देऊन टाकलं.

माझ्या वाट्याला कामं आली ती सगळी गंभीर. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या मेजावर पसरायचं. कुणी वारलं की त्याच्या शवपेटीवर पसरायचं. माझ्यासमोर माणसं एकतर डोळे मिटून बसत, नाहीतर डोळे पुसत. खोटं कशाला बोलू, मला कधीकधी अगदी कंटाळा येई.

आणि मग एकोणीसशे सत्तावन्नच्या नाताळात फिरते सिनेमावाले बद्रुद्दीनभाई शिरूरहून मशीन घेऊन आले. पोरांना हातानं काढलेल्या हलत्या चित्रांचा सिनेमा फुकट दाखवतो म्हणाले. पडदा नव्हता. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "चादर आहे की आपली!"

त्यावरून चर्चमध्ये सगळे आईबाप जमले. शांतवन उभा राहिला. एरवी तो कुठंच बोलायचा नाही.

"साहेब, ह्यो शिनेमा पोरांना दावू नका. त्यातला ससा गाडीखाली जातो आन् उठून पळतो म्हणं. आपली घरं रुळाच्या कडंला हायती. गाडीखाली गेलेल्याचं काय व्हतं, ते मी बघतो. गोळा करतो."

शब्बाथशाळेत पोरांना बायबलच्या गोष्टी शिकवणाऱ्या रतनबाई म्हणाल्या, "माझं म्हणणं निराळंच हाय. जनावरं कपडे घालत्यात, बोलत्यात, जादू करत्यात. ही सैतानाची करणी! पोरं प्रार्थना सोडून त्याच्याच नकला करत बसतील."

"अहो, चित्रं आहेत ती," पाळकसाहेब हसले. "नाताळातसुद्धा पोरांनी हसायचं नाही का?"

कृपाबाईनं नवऱ्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं. "दावा साहेब. वर्सातनं एकदा हसतील लेकरं."

दिवेलागणीला मला भिंतीवर ताणून बांधलं. दिवे मालवले, माझ्या अंगावर प्रकाश पडला आणि ससा धावू लागला. भला मोठा दगड त्याच्यावर पडला, तो उठला. कड्यावरून कोसळला, उठला. मग आगगाडी त्याच्यावरून गेली. तो पापडासारखा चपटा झाला, अंग झटकलं आणि उठून टोपी उडवत निघाला. पोरं हसून हसून लोळली. मित्रांनो, एवढं हसू मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी फुशारले. ते हसणं आपल्यामुळंच आहे असं मला वाटलं, मूर्खासारखं!

एक मुलगी मात्र हसत नव्हती. शांतवनची एस्तेर, सात वर्षांची. ती अगदी पुढं बसली होती आणि डोळे मोठे करून माझ्याकडं बघत होती. खेळ संपल्यावर तिनं मला हळूच बोट लावून बघितलं. त्या पोरीला काय समजलं, हे कुणीही विचारलं नाही. मशीन आवरलं, माझी घडी घातली, सगळे जेवायला गेले.

पुढं मार्चमध्ये चाळीत गोवराची साथ आली. एस्तेरचा धाकटा भाऊ बन्यामीन चार वर्षांचा होता. सगळे त्याला बन्या म्हणत. पाच दिवसांत तो गेला. पेटी इतकी लहान होती की मला दुहेरी घडी करून पसरावं लागलं. कृपाबाई माझ्यावर डोकं आपटत होती. एस्तेर मात्र रडली नाही. ती जवळ आली, माझ्या निळ्या कडेला तोंड लावलं आणि कुजबुजली, "उठव गं त्याला. सशाला उठवलंस तसं."

आई गं! मला तेव्हा कळलं. मेलेले उठल्याच्या गोष्टी तिनं शब्बाथशाळेत ऐकल्या होत्या आणि उठलेला ससा माझ्या अंगावर बघितला होता. दोन्हींची तिनं एकच गाठ मारली होती. मी ओरडायला हवं होतं, पण चादरीला कुठलं तोंड!

"किती धीराची पोर हाय, बघा," रतनबाई बायकांना म्हणाल्या. "डोळ्यातनं टिपूस न्हाई."

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, शाबासकी दिली. बन्याला पुरलं. मला धुऊन चर्चच्या ट्रंकेत ठेवलं.

आठवड्यानं ट्रंकेचं झाकण उघडलं. भर दुपार होती. एस्तेरनं मला काखोटीला मारलं आणि रूळ ओलांडून पलीकडच्या कबरस्थानात नेलं. बन्याच्या कबरीवरच्या मातीच्या ढिगावर मला नीट पसरलं, कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि शेजारी बसली.

"बन्या, ऊठ. चादर आणलीया."

ऊन रणरणत होतं. ती घोटभर पाणीसुद्धा न पिता बसून राहिली. माझ्याखाली माती होती, तिच्याखाली ते लेकरू होतं, आणि मला काहीही करता येत नव्हतं. बऱ्याच वेळानं ती स्वतःशीच म्हणाली, "याच्या अंगावरनं गाडी कुठं गेली? म्हणून उठंना. थांब, आधी मी करून बघते. मग तुला सांगते कसं उठायचं."

नको गं बाई, नको! मी दगडांखाली फडफडले. तिनं दगड काढले. मला उचलून ती रुळावर गेली, आडवी झाली आणि मला डोक्यावरून ओढून घेतलं. रूळ तापला होता. आधी तो बारीक थरथरला, मग जास्त. मालगाडी येत होती. पोरीचा श्वास माझ्या आत गरम लागत होता. ती घाबरलेली नव्हती, मित्रांनो. हेच तर मला सहन होत नव्हतं.

सांध्यापाशी शांतवन उभा होता. त्याला रुळावर पांढरं काहीतरी दिसलं, मग निळी कड दिसली. त्यानं हातातली झेंडी टाकली आणि धावत सुटला. इंजिनाची शिट्टी सारखी वाजत होती. त्यानं पोरीला पाय धरून ओढलं. ती रुळाबाहेर आली, मी तिथंच राहिले. चाकं माझ्यावरून गेली.

गाडी गेल्यावर शांतवन खडीवर बसला होता. त्यानं पोरीवर हात उगारला, पण तो हात वरच राहिला आणि मग खाली आला. त्यानं मला गोळा केलं. कृपाबाईची शिवण टिकली होती, पण कापड उभं फाटलं होतं. दोन्ही तुकडे त्यानं पोरीपुढं ठेवले.

"हाक मार हिला. म्हण, ऊठ. बघू उठती का."

एस्तेरनं माझे तुकडे एकाला एक लावले. "ऊठ की गं," ती म्हणाली. "ऊठ!"

मी जीव तोडून उठायचा प्रयत्न केला. त्या पोरीसाठी एकदाच सशासारखं अंग झटकता आलं असतं तर! मी तशीच पडून राहिले.

"आबा," ती म्हणाली, "मंग आपला बन्या?"

"न्हाई गं माझ्या बाय. इथं न्हाई उठायचा."

"मंग प्रभू उठलं ते?"

शांतवननं तिच्या केसांतली धूळ झटकली. मग म्हणाला, "ते मला सांगता येत न्हाई. खरंच न्हाई येत. पर बन्या गेला, एस्तू."

तेव्हा ती रडली. एवढ्या दिवसांचं सगळं रडली. बाप तिला खडीवर कुशीत घेऊन बसला आणि तोही रडला.

कृपाबाईनं मला जोडलं. प्रत्येक टाक्याला ती म्हणायची, "मीच म्हणलं व्हतं, दावा म्हणून." मेजावर मला पुन्हा कुणी पसरलं नाही. मी तिच्या घरच्या पेटीत आले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, आईबाप व्हाल. तुमच्या लेकरांना चित्रं दाखवा, हसू द्या. पण दिवा लागल्यावर उठून जाऊ नका. जवळ बसा आणि विचारा, "काय समजलं रे तुला?" आणि मरणाच्या घरी एखादं लेकरू रडत नसेल, तर त्याला धीराचं म्हणून शाबासकी देऊन पुढं जाऊ नका. त्याच्याशी बोला. हात जोडते मी.

एस्तेर आता मोठी झाली आहे. कधी पेटी उघडली तर ती माझ्या जोडावरून बोट फिरवते आणि झाकण लावते. "ऊठ" मात्र ती कधीच म्हणत नाही.