बुडबुडा मधोमध

फरशीवाल्याला तिरकं काही खपत नसे. उभा जन्म पाणसळ घेऊन लोकांच्या घरातल्या फरश्या सरळ बसवण्यात गेला. कुणाकडे चहाला गेला तरी स्वारी आधी टेबल हलतंय का ते बघायची! एकच वस्तू बायकोने त्याच्या तावडीतून वाचवली होती, तिचा रेकॉर्ड प्लेअर. त्याचा मागचा एक पाय जरा उचललेला असे. "तुमची पाणसळ फरशीपुरती ठेवा," ती दटावायची. "माझ्या यंत्राला हात लावाल तर याद राखा!" हात शिवशिवायचे, पण बिचारा गप्प बसायचा.

आता दटावणारी राहिली नव्हती. लग्नाआधी ती गायची, तेव्हा एकच रेकॉर्ड निघाली होती. तिचा आवाज म्हणून घरात उरलं होतं ते एवढंच. लावायचा त्याला धीर होत नव्हता, पण आज लेक ऐकायला येणार होती.

म्हणून सकाळीच त्याने मनावर घेतलं. प्लेअरच्या उचललेल्या पायाखालची पुठ्ठ्याची मळकी घडी ओढून काढली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून आला. मग फिरत्या थाळीवर पाणसळ ठेवली, यंत्र जरा इकडे-तिकडे सरकवत तिच्यातला बुडबुडा अगदी मधोमध आणला. आडवी धरली, उभी धरली, कुठे म्हणून केसाइतका फरक नाही. "बघ, काम असं असतं," तो तिच्या फोटोला म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटलं.

लेक आली. सुई टेकली, आवाज आला आणि दोघांचेही डोळे भरले. दुसऱ्या कडव्यात सुई अडकली. तोच अर्धा शब्द, पुन्हा पुन्हा. लेकीने झटकन दांडा उचलला आणि वाकून पाहिलं.

"बाबा, इथली घडी कुठाय?"

"टाकली. वाकडं होतं ते."

"अहो, आईने मुद्दाम वाकडं ठेवलेलं! रेकॉर्डवर ओरखडा आहे. तेवढं कललं की सुई त्यावरून निघून जायची. किती खटपट करून जमवलं होतं तिने!"

"मग मला सांगायचं नाही होय?"

लेक घुटमळली. "रेकॉर्ड पुसताना तुमच्याच हातून पडला होता तो ओरखडा. तुम्ही मनाला लावून घ्याल म्हणून बोलली नाही."

त्याने उठून पुठ्ठा शोधून आणला. एक घडी घातली, एक वाढवली, एक काढली. कधी सुई अडकायची, कधी घसरत पार टोकाला जायची.

"राहू द्या, बाबा. उगाच आणखी खराब होईल."

जमिनीचा उतार नुसत्या नजरेने सांगणारा माणूस तो. पण ती घडी किती जाड होती, हे टाकताना त्याने पाहिलंच नव्हतं. लेकीने यंत्राचं झाकण लावलं.