विहिरीच्या राजाची बायको

आमच्या टेबलावर गोष्ट सांगायची, तर हात थांबता कामा नयेत. हा माझा नियम आहे आणि तो मोडलेला मला खपत नाही. आम्ही सहा बायका पुस्तकं बांधायच्या कारखान्यात घड्या घालायला बसतो. छापखान्यातून मोठाले कागद येतात, एकेका कागदावर सोळा पानं, त्याला फर्मा म्हणतात. तीन घड्या घातल्या की पानं ओळीने लागतात. या कामाला हात लागतात, डोकं लागत नाही, आणि रिकाम्या डोक्याच्या सहा बायका एका टेबलाला बसल्या की दोनच गोष्टी होतात, एक तर भांडण, नाहीतर गप्पा. मी तिसरी सोय काढली. गेली छत्तीस वर्षं मी तिथे गोष्टी सांगते. प्राण्यांच्या गोष्टी आखूड, दीडशे घड्यांत आटपतात. सासू-सुनांच्या मध्यम. राजाची असेल तर डबा खायची वेळ होईपर्यंत पुरते. सगळे मला मुकादम म्हणतात. मालकही म्हणतो, आणि जरा दबूनच म्हणतो.

अकरा वर्षांपूर्वी एक बाई छोटं यंत्र घेऊन आली होती. लोकांच्या तोंडच्या गोष्टी गोळा करते म्हणाली. तीन दिवस आमच्या टेबलाच्या कोपऱ्यात बसली आणि माझ्याकडून चोवीस गोष्टी टिपून घेऊन गेली. आम्ही तिला टेपवाली म्हणायचो. मग गेली ती गेलीच. आम्ही विसरूनही गेलो. आणि गेल्या मंगळवारी तिचं पुस्तक छापून आमच्याच कारखान्यात आलं. बांधायचं तर इथेच, असा तिचा हट्ट होता म्हणे. तीन हजार प्रती. मालकाने मला बोलावून पहिल्या पानावर माझा उल्लेख दाखवला. मी काय, फुगले. दिवसभर टेबलावर कुणाला बोलू दिलं नाही.

बुधवारी अकरावा फर्मा आला. आमच्यात एक चष्मेवाली आहे, तिला हाताखालून जाणारा कागद वाचल्याशिवाय चैन पडत नाही. "अगं मुकादम, ही तुझी विहिरीच्या राजाची गोष्ट," म्हणाली आणि मोठ्याने वाचायला लागली.

गोष्ट अशी. एका विणकराची मुलगी विहिरीच्या राजाला दिली. राजा दिसायला देखणा, बोलायला गोड. पहिल्या वर्षी म्हणाला, तुझे केस मला दे, माझ्यावर जीव असेल तर देशील. तिने दिले. दुसऱ्या वर्षी सावली मागितली, तिसऱ्या वर्षी हसू, चौथ्या वर्षी आवाज. तिने सगळं दिलं. पाचव्या वर्षी तो म्हणाला, आता तुझं नाव दे. तेव्हा मात्र ती घाबरली आणि पळत आईच्या दारी आली. दार वाजवलं. आई आतून म्हणाली, कोण आहे? आता हिला आवाजच नाही, सांगणार काय? आई पुन्हा म्हणाली, कोण आहे ते सांग, नाहीतर मी दार उघडायची नाही.

इथपर्यंत माझा जीव सुपाएवढा झाला होता. काय सांगते मी, असं मनात म्हणत होते. पुढचं चष्मेवालीने वाचलं. आईने दार उघडलं नाही. मुलगी परत विहिरीवर गेली, राजाला तिच्या निष्ठेची दया आली, त्याने केस, सावली, हसू, आवाज सगळं परत केलं आणि दोघं सुखाने राहिली.

माझे हात थांबले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. बाकीच्या पाचजणी माझ्याकडे बघायला लागल्या.

हे नीट समजून घ्या. या गोष्टीला दोन शेवट आहेत. माझ्या आईने मला दोन्ही दिले आणि बजावून सांगितलं, आधी समोर कोण बसलंय ते बघ, मग तोंड उघड. एखादी क्षुल्लक कारणावरून रुसून माहेरी आली असेल, नवऱ्याने सिनेमाला नेलं नाही वगैरे, तर तिला बंद दाराचा शेवट सांगायचा. हसते, ओशाळते आणि दोन दिवसांत आपली आपण परत जाते. पण जी खरंच सगळं देऊन, रिती होऊन आली असेल, तिला दुसरा शेवट. त्यात आई दार वाजवण्यावरून लेक ओळखते. दार उघडते, तिला आत घेते, कडी लावते. मागोमाग विहिरीचा राजा येतो. आई खिडकीतून त्याला म्हणते, "जे घेतलंस ते घेऊन जा. उरलंय ते माझं आहे." तो बाहेर ताटकळतो, सुकत जातो आणि सकाळी दारात नुसती ओल राहते. मुलीला मग केस परत येतात, सावलीही येते, हसूच तेवढं यायला वेळ लागतो. माझी आई तर म्हणायची, नुसती करमणूक करायची तर तमाशाला पाठवा, गोष्ट कशाला सांगायची. बायकांना सरळ तोंडावर जे सांगता येत नाही ते सांगायला गोष्टी असतात.

टेपवाली आली होती त्या तीन दिवसांत माझी थोरली लेक माझ्या शेजारी बसलेली होती. सासर सोडून, एक कापडी पिशवी घेऊन आली होती घरी. मी तिला म्हटलं, बस जरा टेबलाला, हात चालले की मन हलकं होतं. तिचा पगार सासू घ्यायची, फोन नवऱ्याच्या खिशात असायचा, आणि ज्या पोरीचं हसू गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं तिने तीन दिवसांत एकदाही दात दाखवले नव्हते. मला काही दिसलं नाही असं नाही. मी आंधळी नाही. सगळं दिसत होतं. पण घरात दोन खोल्या, नवरा अंथरुणाला खिळलेला, धाकटीचं लग्न ठरत आलेलं. मी तोंड उघडलं आणि भर टेबलावर, यंत्र चालू असताना, तिला बंद दाराचा शेवट सांगितला. छान रंगवून सांगितला. दुसऱ्या दिवशी ती परत गेली.

चार वर्षं काढली तिने तिथे. मग एक दिवस स्वतःच बाहेर पडली. माझ्याकडे आली नाही. दोन गल्ल्या सोडून एक खोली घेतली, आणि तिच्या हाताला गुण आहे म्हणून मालकाने तिला शिलाईच्या मशीनवर घेतलं. सात वर्षं झाली. आमचं बोलणं नाही असं नाही. भाजीवर बोलतो, धाकटीच्या मुलांवर बोलतो. पण तिच्या खोलीत मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. तिने बोलावलं नाही, आणि न बोलावता जायला मला तोंड नाही.

आणि आता तो शेवट छापून आला होता, आणि उद्या हा फर्मा शिवायला तिच्याच मशीनवर जाणार होता.

मी हातातला कागद बाजूला ठेवला. "अकराव्या फर्म्याला कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. मालक धावत आला. म्हणाला, मुकादम, शनिवारी पुस्तकं पोचवायची आहेत, भलत्या वेळी काय खूळ घेतलंस डोक्यात? मी म्हटलं, खूळ नाही, चूक आहे, त्या बाईला बोलावून घ्या. तो कुरकुरला, पण फोन केला. माझ्यापुढे त्याचं काही चालत नाही हे त्यालाही ठाऊक आहे.

टेपवाली दुपारी आली. केस पांढरे झाले होते, पण यंत्र पिशवीत होतंच. मी म्हटलं, हे पान बदला.

"मी तुमचा एक शब्दही बदललेला नाही," ती म्हणाली. तिला लागलं होतं. "हवं तर ऐकवते."

"तेच तर म्हणते. तुम्ही बरोबर लिहिलंत. मी खोटं सांगितलं होतं."

ती हसली. अशा कामातल्या माणसांना समजावायची सवय असते. म्हणाली, लोककथेत खरं-खोटं नसतं, जितक्या सांगणाऱ्या तितकी रूपं, आणि सगळी सारखीच मोलाची. इकडची गोष्ट तिकडे जाते, राजाचा राक्षस होतो, विहिरीचं जंगल होतं, शेवट उलटा होतो. त्यातच तर तिचा जीव असतो.

"असेल," मी म्हटलं. "पण तुमच्या पुस्तकात एकच रूप आहे. मी सांगते तेव्हा समोर कोण बसलंय ते मला दिसतं. पुस्तकाला दिसतं का? उद्या एखादी पोर रिती होऊन येईल आणि हे वाचेल. तिला तुमचं पुस्तक परत पाठवणार."

तिने तो फर्मा उचलून शेवट पुन्हा वाचला. फर्मा नव्याने छापायला वेळ नव्हता. पण एक सुटं पान छापून आत चिकटवता येईल, असं तिनेच सुचवलं. "दुसरा शेवट सांगा. मी आत्ता टिपून घेते," ती म्हणाली आणि यंत्र टेबलावर ठेवलं.

मी सुरुवात केली. असं नाही की मला अवघड होतं. तोंडपाठ गोष्ट, आवाज खणखणीत. पलीकडे लेकीचं मशीन चालू होतं. केस दिले, सावली दिली, हसू दिलं, आवाज दिला. मुलगी दाराशी आली, दार वाजवलं. आणि तिथे मी अडले.

मशीन थांबलं. लेक उठून टेबलापाशी आली. तिने फर्मा उचलला, खालच्या पाच-सहा ओळी वाचल्या.

"हा शेवट काढायचा होता का तुला?" तिने विचारलं.

"हो."

"मला दोन्ही शेवट लहानपणापासून माहीत होते, आई. तू मला उघड्या दाराचाच सांगायचीस. म्हणून त्या दिवशी तू दुसरा सांगितलास, तेव्हा मला काय ते लगेच कळलं. तू नुसतं 'जा' म्हणाली असतीस, तर मी भांडले असते, हट्टाने राहिलेही असते. पण तू गोष्ट सांगितलीस. गोष्टीशी कसं भांडणार?"

टेपवालीने यंत्र बंद करायला हात पुढे केला. मी तिचा हात धरला. "चालू राहू दे," मी म्हटलं. मग लेकीकडे बघून म्हटलं, "मला सगळं दिसत होतं. तू रिती होऊन आली होतीस, मला कळलं होतं. कळूनसुद्धा सांगितला. मला लाज वाटते." इतकं सरळ मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. डोळे वाहत होते आणि मी ते पुसलेही नाहीत.

लेक म्हणाली, "मग काढू नको. छापलंय ते राहू दे. दुसरा शेवटही लाव. पण त्याआधी लिहा, पहिला कुणाला सांगितला होता ते."

टेपवालीने लगेच वहीत खरडलं आणि वाचून दाखवलं, 'सदर शेवट कथनकर्तीने विशिष्ट कौटुंबिक संदर्भात कथन केला होता.' माझा पारा चढला. रडत होते, तरी चढला.

"हे कुणाच्या बापाला कळणार?" मी म्हटलं. "लिहा. 'पहिला शेवट मी माझ्या लेकीला सांगितला. ती सगळं देऊन माझ्या दारी आली होती. दार उघडता येत होतं. मी उघडलं नाही.' आणि खाली माझं नाव घाला."

टेपवालीने लेकीकडे पाहिलं. लेकीने मान डोलावली आणि मशीनकडे गेली. मग मी दुसरा शेवट सांगितला, एका दमात, यंत्राला आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असा.

सुटी पानं दुसऱ्या दिवशी छापून आली. पान चिकटवायचं म्हणजे शिवून आलेली प्रत उघडायची, पानाच्या कडेला बोटाच्या पेराएवढा डिंक लावायचा आणि ते नेमक्या जागी दाबायचं. काम सोपं, पण एकेक करून करायचं. चष्मेवालीने हात पुढे केला, मी तिला हाकलली. तीन हजार पानं मी एकटीने लावली, गुरुवार-शुक्रवार मिळून. तीन हजार वेळा माझी ती चार वाक्यं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. त्या दोन दिवसांत मी टेबलावर एकही गोष्ट सांगितली नाही, आणि गंमत म्हणजे कुणी भांडलंही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा गठ्ठा न्यायला लेक आली. तिने वरची प्रत उघडली, पान बोटाने दाबून बघितलं. "जरा तिरकं लागलंय," म्हणाली.

"दमले गं."

तिने पुस्तक मिटलं. "मी आता निघतेच आहे. चल, चहा टाकते."

आम्ही दोघी चालत गेलो. वाटेत ती भाजीवर बोलली, धाकटीच्या मुलांवर बोलली. जिना चढून वर गेल्यावर तिने कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि पिशवी ठेवायला आत गेली. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले, ती "ये ना" म्हणेपर्यंत.