वीसची रेघ

रविवारी सकाळी अण्णांनी एका ताटलीत इंजेक्शनची सिरिंज आणून हर्षितासमोर ठेवली.

"हिचा फोटो काढ," ते म्हणाले. "तुझ्या त्या मुंगीच्या मिशा दाखवणाऱ्या भिंगातून."

सिरिंज आईची होती. आईला, रत्नाबाईंना, रोज इन्सुलिन टोचायचं काम अण्णांचंच असे. आज तिच्यात नळाचं पाणी होतं, नीट दिसावं म्हणून त्यात कुंकू कालवलेलं.

"वीस युनिट ओढलंय. नेहमीसारखंच. त्याच खिडकीत, त्याच चष्म्याने. मोठं करून सांग, वीस आहे का."

"अण्णा, कशाला आता?"

"मला बघायचंय, पुट्टी."

हर्षिताच्या वडिलांची, खंडोजींची, उभी हयात कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात गेली होती. त्यांच्या हातची रेघ साहेब लोक पट्टी न लावता मान्य करत. असा माणूस आई गेल्यापासून स्वतःच्या रक्तदाबाची गोळीसुद्धा हर्षिताकडून वाचून घेत असे. एकदा वाचून झाली की विचारत, "नक्की ना?" वर्तमानपत्र तर घडीही न मोडता रद्दीत जाई.

आणि हे सगळं आपल्यामुळे, हे हर्षिताला ठाऊक होतं. अण्णांना नव्हतं.

नोकरीतल्या एका वाईट वर्षात तिने हे फोटो काढायला सुरुवात केली होती. नखाएवढ्या जागेकडे डोळा लावून बसलं, की बाकीचं जग आपोआप मागे धूसर होई. कढीपत्त्याच्या पानाची शीर, कोळ्याच्या पायावरची लव. महिन्याभरात तिला झोप लागू लागली, भूक लागू लागली. आईने देवापुढे साखर ठेवली. शेजारच्या अहल्याक्कांनी नाक मुरडलं तेव्हा म्हणाली, "किडे तर किडे, पोर जेवतेय ना? तुझ्या फ्रीजमध्ये डोशाचं पीठ असतं, माझ्यात पाहुणे असतात. त्यांना स्वेटर विणायचं तेवढं राहिलंय."

पाहुणे म्हणजे डबीतले किडे. असा फोटो एका क्लिकमध्ये होत नाही. दर वेळी फोकस केसभर पुढे सरकवत पुष्कळ फोटो घ्यायचे आणि मग ते एकावर एक बसवायचे. तोवर किड्याने मिशीही हलवता कामा नये. म्हणून काही जण त्याला थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून गारठवतात. जाणकार याला नावं ठेवतात. हर्षिताही ठेवायची, पण किडा हाती लागला की तिला राहवत नसे. हिरव्या पाठीचा एक भुंगेरा सापडला तेव्हाही तेच झालं. फ्रीजच्या दारात जागा हवी होती. तिथे आईची इन्सुलिनची बाटली होती. ती तिने उचलली आणि आत, बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवून दिली. फोटो झाला, भुंगेरा बागेत सोडला. बाटली मात्र तिथेच राहिली, आणि मग अण्णा रोज तिथूनच काढू लागले.

त्याच आठवड्यात आईची साखर चढत गेली. उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "डोस चुकत होता का?" अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, "चुकला असेल. माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत." हर्षिता त्यांच्या शेजारी उभी होती. त्या वेळी तिला बाटलीची आठवणही नव्हती.

आठवण झाली ती दिवसकार्य आटोपल्यावर, फ्रीज पुसताना. बाटली तिने उजेडात धरली. गोठून विरघळलेल्या औषधाच्या बारीक गुठळ्या काचेला आतून चिकटल्या होत्या. उघड्या डोळ्यांना धुरकट वाटावं, एवढंच. तिने कॅमेरा लावला. आई गेल्यावर तिने काढलेला तो एकच फोटो. पुन्हा भिंगाला डोळा लावायची हिंमत झाली नव्हती, आणि अण्णांना सांगायची तर त्याहून नाही.

आता तिने सिरिंज पुस्तकांच्या चळतीवर आडवी ठेवली. लेन्स रेघेच्या बरोबर समोर आणली. जरा तिरपी राहिली तर खरी रेघ खोटी दिसते. बाहेरून बसवनगुडीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रिक्षांचा आवाज येत होता, तो हळूहळू मागे पडला. तिच्या मनाविरुद्ध, जुनी सवय असल्यासारखा श्वास संथ झाला. असं बरं वाटल्याची तिला लाज वाटली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर सिरिंज खांबाएवढी दिसू लागली. रबराची काळी कड वीसच्या रेघेवर अशी टेकली होती, की मध्ये केससुद्धा शिरला नसता.

"बरोबर वीस आहे, अण्णा."

अण्णा पडद्याजवळ वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"आज बरोबर आलं," ते म्हणाले. "आज मन लावून ओढलं ना. त्या दिवसांत कुठेतरी चुकलंच असणार. नाहीतर ती अशी जाईल कशी?"

हर्षिताला वाटलं होतं, हा फोटो पाहिला की त्यांची सुटका होईल, आणि आपलीही. काही न सांगता. पण अण्णा पुन्हा सिरिंज उचलत होते.

"स्वल्प थांब, अजून एकदा ओढतो."

"नको, अण्णा. बसा."

तिने पुढचा फोटो उघडला. काचेला चिकटलेलं पांढरं, खडबडीत दहिवर.

"हे काय? बर्फ?"

"आईचं इन्सुलिन. गोठलं होतं. गोठलं की त्यात दम राहत नाही. तुम्ही मोजून वीसच देत होता."

"बाटली तर दारात असायची. आत कुणी ठेवली?"

"मी आत सरकवली. भुंगेऱ्याच्या डबीला जागा हवी होती."

अण्णा खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू शेजारीच होतीस."

"तेव्हा आठवलं नव्हतं."

"आणि नंतर?"

"नंतर आठवलं."

"रोज मला गोळी वाचून दाखवत होतीस, तेव्हा?"

"आठवत होतं."

त्यांनी हात उचलला असता तर तिला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "सरी, ठीक आहे," आणि उठले. जाता जाता ताटलीतल्या सिरिंजवर टोपण बसवलं. "उघडी ठेवू नये. कुणाला टोचेल."

दुपारी गोळीची वेळ झाली तशी ती पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या खोलीपाशी गेली. अण्णा खिडकीत उभे होते. पाकीट हातभर लांब धरून, अडखळत, एकेक अक्षर लावत ते गोळीचं नाव मोठ्याने वाचत होते. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"पेला ठेव तिथे," ते म्हणाले, आणि खालची बारीक ओळ वाचू लागले.

ती दारातच उभी राहून ऐकत राहिली. एकही अक्षर चुकलं नाही.